दुखत नाही ना? मग बसा

ओळख होऊन एक मिनिटही झालं नव्हतं, आणि त्यांनी माझं कोपर धरलं.

एमबीबीएसनंतरच्या बंधपत्राच्या वर्षासाठी मी वेल्हे तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतीच रुजू झाले होते. दारात एक उंच, वाळका, साठीकडे झुकलेला माणूस उभा राहिला. खांद्याला रेक्झिनची पिशवी, शर्टाच्या खिशात बॉलपेन आणि पेनाशेजारी चक्क कोंबडीचं पीस. मी हात जोडले. त्यांनी जोडले नाहीत. सरळ पुढे येऊन माझं उजवं कोपर धरलं, आतल्या बाजूच्या हाडामागच्या खोबणीत बोट फिरवलं, मग डावं धरलं. या सगळ्या वेळात माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. नजर होती माझ्या कानाच्या पाळ्यांवर.

"ठीक आहे. बसा मॅडम," ते म्हणाले. खुर्ची माझी, खोली माझी, आणि बसायला सांगणारे ते.

ते गेल्यावर मी सिस्टरांना विचारलं, या माणसाबद्दल यापूर्वी कोणी तक्रार केली आहे का? सिस्टरांचं निम्मं आयुष्य त्या केंद्रात गेलेलं. त्या हसल्या. "ते नस बघतात, मॅडम. सगळ्यांचीच. मागे वरून तपासणीला साहेब आले होते, त्यांचंही कोपर धरलं. साहेब चहा न घेता गेले."

ते कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुके त्यांच्याकडे. राहायला भोरजवळ उत्रोलीत. आठवड्यातून दोनदा एसटीने आमच्याकडे यायचे. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर संवेदना नाही, कोपरातली नस जाड लागते, असं काही आहे का हे शोधत त्यांनी तीस वर्षं डोंगर तुडवला होता. लोक त्यांना 'चट्टेवाले' म्हणायचे. मी काका म्हणायचे, पण सिस्टरांनी हसून सांगितलं तरी माझ्या मनात त्या कोपराची अढी राहिली ती राहिलीच.

त्यांच्या तपासणीची पद्धतही उलटी होती. बाहेर बाकावर रुग्ण बसलेले असत. हे एकेकासमोर उभे राहून विचारत, "काय होतंय?" कुणी म्हणालं, गुडघा दुखतो, पोट दुखतं, की यांचा रस संपला. "दुखतंय? मग मॅडमकडं जा." आणि एखादा शर्टाखालचा डाग दाखवून म्हणाला, "हे आपलं उगंच हाय, दुखत बिखत न्हाई," की यांचे डोळे बारीक होत.

"दुखत नाही ना? मग बसा."

मग त्या माणसाला डोळे मिटायला लावून पेनाच्या टोकाने, पिसाने, जिथे जिथे स्पर्श होईल तिथे बोट ठेवायला सांगत. तो बरोबर बोट ठेवायचा. चट्ट्यावर आलं की मात्र नुसताच डोळे मिटून वाट बघत बसायचा, आणि पीस तर केव्हाचं फिरून गेलेलं असायचं.

त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. गोळ्या घेतल्या म्हणणाऱ्याकडून रिकामी पाकिटं मागत, आणि रिकामी पाकिटं आणणाऱ्यावर जास्त संशय घेत. "पाकीट कुणालाही रिकामं करता येतं, मॅडम. कोंबड्यांच्या खुराड्यात सापडल्यात मला गोळ्या." एसटीत ते नेहमी मागच्या सीटवर बसत, का, तर पुढच्या सगळ्यांच्या माना आणि कान दिसतात. बायकोची आणि मुलीची तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दोघींनी कितीही आदळआपट केली तरी.

मुलीच्या लग्नाची गोष्ट सिस्टरांनी मला सांगितली तेव्हा मी आधी हसले, मग मला त्या मुलीचं वाईट वाटलं. आंबवड्याचं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घरची भातशेती, सगळं जमत आलेलं. पोहे खाऊन झाले, तर हे मुलाला म्हणाले, "जरा आत या. शर्ट काढा." मुलगा बिचारा उठलाही. बापाने बसवलं. "आमी काय बैल इकाया आलोय व्हय?" असं म्हणून मंडळी निघून गेली. मुलगी वर्षभर बापाशी बोलली नाही. पुढे तिने स्वतःच जमवलं, आणि नवऱ्याला बापासमोर आणलं ते लग्न लागल्यावर. यांनी जावयाचं कोपर तेव्हाही धरलंच.

"एवढा कसला संशय?" मी एकदा विचारलं. दुपारची वेळ होती, त्यांची एसटी यायला अवकाश होता.

त्यांनी दोन भावांची हकिगत सांगितली. एकाच घरातले, एकाच ताटात जेवणारे. थोरल्याच्या मांडीवर एक चट्टा, ठसठशीत, कडा उठावदार. धाकट्याचं अंग स्वच्छ, फक्त कानाच्या पाळ्या जरा जाड आणि चेहरा तेल लावल्यासारखा चमकणारा. "यातला जास्त आजारी कोण?"

"थोरला," मी म्हणाले.

"चुकलात." त्यांना माझी चूक आवडली असावी. "जंतू दोघांत तोच. आपल्या अंगात गिळणाऱ्या पेशी असतात, तुम्ही शिकलाय. त्या ह्या जंतूला गिळतात. पण गिळलं म्हणजे पचलं नाही, मॅडम. तो त्यांच्या पोटात घर करतो. दुसऱ्या पेशींकडून निरोप आला, की गिळणारी खवळते, मग त्याला पचवते, चारी बाजूंनी वेढा पडतो. थोरल्याच्या अंगात तसा वेढा पडलाय, म्हणून चट्टा दिसतोय. धाकट्याच्या अंगात निरोपच गेला नाही. पेशी जंतू पोटात घेऊन गपगार फिरतायत. दिसत काही नाही, दुखत काही नाही, आणि घरभर वाटतोय तो." एसटी आली तसे ते उठले. "आपलं अंग आपल्याला खरं सांगेल, असं धरून चालू नये."

हे मी पुस्तकात वाचलं होतं, अडीच पानांत. परीक्षेपुरतं. त्यांच्या तोंडून ऐकताना मात्र मला वाटलं, हा माणूस आजाराबद्दल बोलतोय की माणसांबद्दल?

पावसाळा सरता सरता मी त्यांचं रजिस्टर तपासायला घेतलं. पासलीच्या पुढच्या एका वाडीवरच्या बाईचं नाव होतं, सुमन. वय सव्वीस, चट्टे सात, बारा महिन्यांचा कोर्स, चार पाकिटं दिलेली. 'संसर्ग कुणाकडून' या रकान्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. त्या वाडीची आशाताई केंद्रात आली होती, मी सहज विचारलं. ती म्हणाली, "सुमन? आमच्या वाडीत सुमन न्हाई, मॅडम. येक म्हातारी हुती, ती वारली."

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "बाई आहे. तुम्ही पाकिटावर सही करा."

"नाव खोटं आहे ना?"

"नाव खोटं आहे. चट्टे खरे आहेत."

"मग खरं नाव सांगा."

"नाही सांगणार."

त्याच आठवड्यात त्या वाडीवरून एक बाई आली, पन्नाशीची, काठापदराचं लुगडं, आवाज खणखणीत. दार लोटून घेऊन माझ्यासमोर बसली. "डॉक्टरीणबाई, तुमचा त्यो पिशवीवाला मानूस आमच्या सुनंला कायतरी चारतोय. दर महिन्याला गिरनीवर गाठतो. दळान घिऊन ती जाती, आन् ह्यो तिथं हाजीर. पोरगी गोरीपान हुती, आता बगा, काळी पडली. ल्योक माझा टेम्पोवर, आठ-आठ दिस घरी न्हाई. गाव बोलाया लागलंय. म्या काय समजायचं?"

खोटं नाव. आडबाजूची गिरणी. नवरा बाहेरगावी. आणि पहिल्याच भेटीत माझं धरलेलं कोपर. माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत येऊन बसलं. कुष्ठरोगाच्या गोळ्यांतल्या एकीने कातडी काळवंडते, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी मला ते आठवावंसं वाटलं नाही.

मी लेखी तक्रार केली. पाचव्या पाकिटावर सही केली नाही. चौकशी होईपर्यंत त्यांनी गावांत फिरायचं नाही, रोज कार्यालयात हजेरी लावायची, असं ठरलं. रजिस्टर जमा करायला ते आले तेव्हा चिडले नाहीत. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, एवढं एकच करा. शुक्रवारी गिरणीवर जाऊन या. नाव विचारू नका, ती तुम्हाला ओळखेल. तिची करंगळी बघा, बाजूला नेता येते का. दोन बोटांत कागद धरायला सांगा आणि ओढून बघा. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच नसेला धोका असतो."

"नाव सांगा, जाते."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग पिशवी उचलून निघून गेले. मला वाटलं, मला गिरणीवर पाठवून हा माणूस काहीतरी साधतोय. मी गेले नाही.

तीन आठवड्यांनी, भातकापणीच्या ऐन गर्दीत, तीच सासू सुनेला घेऊन आली. सुनेचं नाव कमल. दंडावरचा चट्टा विस्तवासारखा लाल होऊन सुजला होता. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळायला लागली होती.

"कापताना इळा गळून पडतोय," कमल खाली बघून म्हणाली. "दोनदा पडला. आधी वाटलं, घामानं निसटतोय."

"त्याच्या गोळ्यांनी झालंय हे," सासू म्हणाली. "म्या सांगत न्हवते?"

मी कमलचं कोपर धरलं. हाडामागच्या खोबणीत नस दोरीसारखी जाड लागली, आणि बोट टेकताच ती कळवळली. मी टेबलावरचा कागद तिच्या करंगळी आणि शेजारच्या बोटामध्ये ठेवला. "घट्ट धर," म्हणाले. ती धरत होती, तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. कागद माझ्या हातात अलगद आला.

मी बाहेर जाऊन त्यांना फोन लावला. "काका, सुमन आली आहे," एवढंच म्हणाले.

"कागद धरला?"

"नाही."

"स्टेरॉइड लगेच सुरू करा, पुस्तकात आहे ते वजनावर बघून. अडलेलं पाचवं पाकीटही द्या, त्या गोळ्या बंद ठेवू नका. हाताला आधार बांधा. मी निघतो."

त्यांना गावात यायची मनाई होती, आणि ती माझ्यामुळे होती. दोन एसट्या बदलून दुपारी ते पोचले तेव्हा सासूबाईंचा आवाज चढला. "आला! ईचारा ह्याला! काय चारलंस माझ्या सुनंला?"

ते तिच्यासमोर बाकावर बसले. कमलकडे बघितलंसुद्धा नाही. "मावशी, घरात चोर शिरून माळ्यावर निजला, तर भांडी वाजत्यात का?"

"न्हाई वाजत."

"घरची माणसं जागी झाली, चोराला धरायला धावली, मग?"

"मग भांडी फुटनारच की."

"सुनेच्या अंगात तेच झालंय. औषधानं चोर लुळा पडला, तिच्या अंगातल्या पेशी जाग्या झाल्या आणि त्याच्यावर धावल्या. चोर नसेत लपलेला. तिथं मारामारी झाली, नस सुजली. हात चोरानं न्हाई दुखावला, घरच्यांनीच दुखावला. आता मॅडम त्या मारामारीला आवर घालतील. वेळेत घातला तर हात येईल."

आजाराचं नाव त्यांनी घेतलं नाही. सासूनेही विचारलं नाही. मग ते इतक्या सहज बोलले की मला कळायलाही वेळ लागला. "आता आलाच आहात, तर तुमचंबी कोपर बघू. घरातल्या सगळ्यांचं बघतो मी."

"माझं कशाला? मला काय धाड भरलीय? माझं कायबी दुखत न्हाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूच्या कानांकडे पाहिलं. बुगडीखाली पाळ्या जाड, गाठाळ होत्या. भुवया बाहेरच्या टोकाला विरळ. चेहऱ्यावर तेलकट चमक होती. ही बाई काही आठवड्यांपूर्वी माझ्यासमोर याच खुर्चीवर अर्धा तास बसली होती, आणि मी तिच्या शब्दांशिवाय काहीही बघितलं नव्हतं.

"दुखत नाही ना, मावशी?" ते हळू आवाजात म्हणाले. "मग बसा."

दोघींच्या कानाच्या पाळीतून कणभर द्रव घेऊन काचा रंगवल्या. आधी कमलची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. शोधून शोधून दोन-चार जंतू सापडले. मग सासूची. गिळणाऱ्या पेशींची पोटं लाल काड्यांच्या जुड्यांनी गच्च भरलेली, एकीशेजारी एक, निवांत. जिचा हात लुळा पडला होता, तिच्या अंगात जंतू नावापुरते. आणि जी ठणठणीत होती, तिच्यात कित्येक वर्षांचा साठा. त्यांनी रजिस्टर उघडून 'संसर्ग कुणाकडून' या रकान्यातलं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलं. तिथं काही लिहिलं मात्र नाही.

"तुम्हाला आधीपासून संशय होता?" मी विचारलं.

"एकदा एसटीत कान बघितले होते तिचे. पण तिला तपासायचं तर सून उघडी पडली असती."

मी सासूला एकटीला आत बोलावून सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. लुगड्याचा पदर कानावर ओढून घेतला. म्हणाली, "गोळ्या घेते. पर येक करा. आमच्या सुनंला कळू दिऊ नका. लई मान ठिवती माझा."

तासाभरापूर्वी कमलने मला हेच सांगितलं होतं. "आत्यांना तेवढं सांगू नका."

पुढचे काही महिने काकांनी त्या दोघींना वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी गोळ्या पोचवल्या. सुनेला गिरणीवर, सासूला आमच्या केंद्रात 'बीपीच्या' म्हणून. एका घरात दोन पाकिटं, एक पिठाच्या डब्यात, एक देवघरामागं. मला ते सारखं टोचायचं. ते म्हणायचे, "राहू द्या. त्या एकमेकींना तपासतायत." आणि तसंच होतं. माघ संपला तेव्हा त्या गोळ्यांनी सासूची कातडीही काळवंडली होती. एक दिवस दोघी एकाच एसटीतून उतरल्या, एकाच बाकावर बसल्या. कमल म्हणाली, "दोगींची येकदमच द्या. फुकट दोन हेलपाटे कशाला?" सासू खिडकीबाहेर बघत होती, पण तिचा हात सुनेच्या दुखऱ्या कोपराखाली उशीसारखा ठेवलेला होता.

चौकशी मिटली. मी तक्रार मागे घेतली, पत्रात माझी चूक स्पष्ट लिहिली. त्यांना कळलं की नाही, त्यांनी दाखवलं नाही. शेवटी मीच विषय काढला. "चौकशीत तुम्ही नाव सांगितलं असतंत तर एका दिवसात सुटला असतात."

"सांगितलं होतं एकदा," ते म्हणाले. "नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. डॉक्टरांना, विश्वासानं. तुमच्या खुर्चीत बसणाऱ्यालाच. त्यांनी ड्रायव्हरसमोर फोनवर उच्चारलं. संध्याकाळपर्यंत त्या मुलीची ट्रंक घराबाहेर होती. माहेरच्यांनीही घेतली नाही. पुढं तिचं काय झालं ते मी खूप शोधलं, कळलं नाही. तेव्हापासून मी खरं नाव लिहीत नाही."

"मी तुमच्यावर संशय घेतला, काका. त्याबद्दल..."

"संशय घेतलात ते बरोबरच केलंत. मीही घेतला असता. खोटं नाव, गिरणी, कुणीही घेईल." त्यांनी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं. "पण संशय आला की जाऊन बघायचं असतं, मॅडम. तुम्ही बघितलं नाही. तुमची खात्री झाली."

 थोड्या वेळाने त्यांची एसटी आली आणि ते मागच्या सीटवर जाऊन बसले.

पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. माझं बंधपत्राचं वर्ष संपलं, तरी मी तिथेच राहिले. कापणीच्या दिवसांत पासलीच्या बाजूला गेले होते, तर वाटेत कमलचं शेत लागलं. ती विळा घेऊन ओळीत होती, बाकीच्यांच्या बरोबरीने, सपासप. मला बघून बांधावर आली, सासूने किटलीतला चहा ओतला. कमलने कप उजव्याच हाताने घेतला. चार बोटं कपाभोवती घट्ट बसली.

"हात आला बगा, मॅडम," ती आनंदाने म्हणाली. "ही येवडी धाकटी तेवडी ऐकत न्हाई. ऱ्हाती आपली बाजूला. त्याचं काय न्हाई, काम आडत न्हाई."

करंगळी कपापासून वेगळी, अर्धी वळलेली, तशीच राहिली होती. मी चहा संपेपर्यंत तिच्याकडेच बघत होते. त्या तीन आठवड्यांतल्या एखाद्या शुक्रवारी मी गिरणीवर गेले असते, तर तीही कपावर टेकली असती. हे कमलला ठाऊक नव्हतं. मी तिला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूने हाक मारली, ऊन चढायच्या आत वाफा उरकायचा होता, आणि ती विळा उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम परत गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. आपल्या करंगळीकडे बघत ती म्हणाली, "आता यापुडं कोन सांगंल, तर जावा बगायला." आणि त्यानंतर तिने मला चहा विचारला नाही.